कॉलेज बेसबॉलचा हेड कोच व्हायचंय? आधी फंगो हातात घ्या

गेली दोन-तीन वर्षं मला एकच प्रश्न दोन तऱ्हेच्या लोकांकडून येतोय. पहिली तऱ्हा म्हणजे इथे अमेरिकेत वाढलेली मराठी मुलं. लिटल लीगपासून हायस्कूलपर्यंत बेसबॉल खेळलेली, आपण व्यावसायिक खेळाडू होणार नाही हे आता कळून चुकलेली, पण मैदान सुटत नसलेली. दुसरी तऱ्हा म्हणजे पुण्या-नाशिकहून एमएस करायला आलेली मुलं. युनिव्हर्सिटीच्या मैदानावर सहज म्हणून एक मॅच बघायला गेली आणि तिथेच अडकली. दोघांनाही विचारायचं असतं की कॉलेज बेसबॉलमध्ये कोच म्हणून आयुष्य काढता येतं का, आणि हेड कोचपर्यंतची वाट कुठून जाते.

मी स्वतः हेड कोच नाही. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात आधी विद्यार्थी मॅनेजर आणि पुढे सात हंगाम अर्धवेळ सहाय्यक कोच होतो. त्याआधी माझं या खेळाशी नातं जळगावच्या शाळेत खेळलेल्या सॉफ्टबॉलपुरतं. त्या काळात तीन हेड कोचांच्या हाताखाली काम केलं. त्यांतून एक गोष्ट मनात पक्की बसली: मोठ्या नावाच्या कॉलेजात मागच्या बाकावर बसण्यापेक्षा छोट्या कॉलेजात जबाबदारी अंगावर घेतलेला माणूस लवकर पुढे जातो.

आधी कुठे काय आहे ते समजून घ्या

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे एकच एक स्पर्धा नाही. एनसीएए या सर्वात मोठ्या संघटनेचे तीन स्तर आहेत. डिव्हिजन वनमध्ये सुमारे ३०० बेसबॉल संघ आहेत. टीव्हीवर दिसतात ते हेच. नियमित हंगामात ५६ मॅच, मग ६४ संघांची बाद फेरी, आणि शेवटचे ८ संघ जूनमध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात कॉलेज वर्ल्ड सिरीज खेळतात. १९५० पासून ही स्पर्धा ओमाहातच होते, त्यामुळे खेळाडू आणि कोच 'वर्ल्ड सिरीज' म्हणतच नाहीत, नुसतं 'ओमाहा' म्हणतात. आपल्याकडे वारकरी 'पंढरी' म्हणतो तसं.

डिव्हिजन टूमध्ये शिष्यवृत्त्या कमी. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती अजिबात नाही, मॅचही ४०च. याशिवाय एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आहे, तिची अंतिम स्पर्धा आयडाहोतल्या लुइस्टनला होते. आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेत, ज्यांना सगळे 'जुको' म्हणतात. त्यांची वर्ल्ड सिरीज १९५९ पासून कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला भरते.

नवखा माणूस फक्त पहिल्या स्तराकडे बघतो. पण हेड कोचच्या बहुतेक खुर्च्या खालच्या चार ठिकाणी आहेत आणि तिथलं काम हलकं नसतं. लुइस-क्लार्क स्टेट या एनएआयए कॉलेजात एड चेफ यांनी १६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांचं नाव बाहेर कुणाला माहीत नसेल, कोचांच्या बैठकीत मात्र आदराने घेतलं जातं.

पदवी आणि खेळ

बॅचलर पदवीशिवाय कुठलंही कॉलेज दारात उभं करत नाही. मास्टर्स असेल तर उत्तम, आणि ती मिळवण्याची खास वाट या धंद्यातच आहे. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून रुजू झालात तर बऱ्याच ठिकाणी फी माफ होते, वर थोडा भत्ता मिळतो, आणि दोन वर्षं संघासोबत काम करता येतं. विषय कुठला घ्यायचा? शारीरिक शिक्षण, क्रीडा व्यवस्थापन, किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) हे नेहमीचे. पण आता संख्याशास्त्र आणि डेटा सायन्सवाल्यांनाही मागणी आहे, कारण ट्रॅकमॅन आणि रॅप्सोडोसारखी यंत्रं प्रत्येक पिचचा, म्हणजे टाकलेल्या चेंडूचा, वेग, फिरकी आणि वळण मोजतात आणि ते आकडे वाचून पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस संघाला हवा असतो. आपली एमएसची मुलं इथे खरोखर उपयोगी पडू शकतात.

स्वतः खेळलेलं असावं लागतं का? स्पष्ट सांगतो: जवळपास सगळे हेड कोच कॉलेजात खेळलेले असतात. मोठ्या संघातच खेळलेले असतात असं मात्र नाही. व्हँडरबिल्टला २०१४ आणि २०१९ ची विजेतेपदं मिळवून देणारे टिम कॉर्बिन ओहायो वेस्लियन या छोट्या कॉलेजात खेळले. म्हणून हायस्कूलमधल्या मुलांना माझा सल्ला असतो की डिव्हिजन वनने घेतलं नाही म्हणून बॅट माळ्यावर टाकू नका. डिव्हिजन थ्रीत चार वर्षं खेळा, बाकावर बसावं लागलं तरी बसा. बाकावरून खेळ जास्त दिसतो. अजिबात न खेळलेल्यांची वाट डेटा, व्हिडिओ आणि मॅनेजरकीतून जाते. ती लांब आहे, आणि हेड कोचपर्यंत पोचण्याआधी एखादं कौशल्य हाताने शिकवता येतं हे सिद्ध करावंच लागतं.

मुलींनीही विचार करावा असं मला वाटतं. २०२२ मध्ये ऑलिव्हिया पिचार्डो ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या संघात निवडली गेली आणि डिव्हिजन वन बेसबॉल संघातली पहिली स्त्री खेळाडू ठरली. कोचिंगमध्ये बायका अजून फार थोड्या आहेत. पण कॉलेज सॉफ्टबॉलची स्वतंत्र आणि मोठी दुनिया आहे, आणि महाराष्ट्रात शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलीला तो खेळ परका नाही.

हाताने करायचं काम

ही पायरी लोक चुकवतात आणि नंतर पस्तावतात. छोट्या कॉलेजात नोकरमाणसं नसतात. पहाटे साडेसहाला आम्ही दोघं-तिघं मैदानावर असायचो. रात्री पाऊस पडला असेल तर इनफिल्डवरची (बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानावरची) ताडपत्री आधी मधोमध ढकलून पाणी कडेला काढायचं, मग ती गुंडाळायची. ओली ताडपत्री घाईघाईत ओढली तर सगळं पाणी होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथे, येतं आणि मॅच दोन तास लांबते. पिचर जिथे पाय रोवतो तिथली माती रोज उकरली जाते. ती खरवडून, ओली करून, नवी चिकणमाती घालून ठोकायची. नीट ठोकली नाही तर पिचरचा पाय खड्ड्यात जातो, आणि पाय गेला की खांदा जातो. मग चार बाय सहा फुटांचे बॅटरचे चौकोन चुन्याने आखायचे. या कामात मला कधी कमीपणा वाटला नाही. हेड कोच झाल्यावर 'मैदान खेळण्याजोगं आहे का' हा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा तळहाताला लागलेली माती उपयोगी पडते.

आणि फंगो. फंगो म्हणजे सरावासाठीची लांब, बारीक, हलकी बॅट. कोच एका हाताने चेंडू किंचित वर सोडतो, तोच हात बॅटवर आणतो आणि क्षेत्ररक्षकाला हवा तसा चेंडू मारून देतो. बघायला सोपं. पहिल्या तीन आठवड्यांत माझ्या अंगठ्याखालची कातडी दोनदा सोलली गेली, आणि चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) जायच्या ऐवजी त्याच्या चार पावलं डावीकडे. तो पोरगा बिचारा दर वेळी पळत जाऊन उचलायचा आणि म्हणायचा, "कोच, अजून एक." सराव संपल्यावर मी रिकाम्या मैदानात दोन बादल्या चेंडू घेऊन उभा राहायचो. एका बेसपाशी एक बादली ठेवायची आणि तिला टप्प्याने लावायचं. ऑक्टोबरपर्यंत जमलं.

मॅचआधी दहाएक मिनिटांचा क्षेत्ररक्षणाचा सराव होतो. आधी आउटफिल्ड, मग इनफिल्ड, आणि शेवटी कॅचरसाठी (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्यासाठी) सरळ आभाळात उंच उडवलेला चेंडू. तो शेवटचा फटका सगळ्यात अवघड. समोरचा संघ डगआउटच्या, म्हणजे संघ बसतो त्या जागेच्या, कठड्याला टेकून बघत असतो. तुमचा फंगो नीट असला तर मुलं ताठ होतात, आणि तुम्ही तीनदा मारूनही चेंडू कॅचरच्या डोक्यावर गेला नाही तर त्यांची मान खाली जाते. नवीन कोचची परीक्षा तिथे होते.

पिचरचा हात

सहाय्यक म्हणून एखादा विभाग तुमच्या नावावर असला पाहिजे. शक्य असेल तर पिचिंग घ्या. हेड कोच निवडताना पिचिंग सांभाळलेल्या आणि रिक्रूटिंग (खेळाडूंची भरती) केलेल्या सहाय्यकांकडे आधी बघितलं जातं, असा माझा अनुभव.

कॉलेज बेसबॉलमध्ये डगआउटमधून कोचच पिच ठरवतो हे अनेकांना माहीत नसतं. आधी आकडे ओरडायचे आणि कॅचर मनगटावरच्या पट्टीवरचा तक्ता बघून अर्थ लावायचा. २०२२ पासून एकतर्फी इलेक्ट्रॉनिक उपकरणाने पिच कळवायला परवानगी आहे. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलाने टाकलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू तुमच्या डोक्यातून निघालेला असतो. आणि एनसीएएत पिचच्या संख्येवर मर्यादा नाही. हायस्कूलमध्ये आहे, कॉलेजात नाही. कोपराचा अस्थिबंध तुटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. १९७४ मध्ये ती पहिल्यांदा झाली आणि आता इतकी सर्रास होते की मुलं तिला घाबरतही नाहीत. घाबरणं तुमचं काम आहे. प्रत्येक पिचरची वही ठेवा: कुठल्या दिवशी किती पिच, बुलपेनमध्ये (पिचर हात गरम करतात तिथे) किती, झोप कशी, हात कुठे दुखतो. शनिवारी संघ हरत असताना हेड कोच विचारतो, "कालचा तो मुलगा अजून एक इनिंग देईल का?" तेव्हा वही उघडून "नाही" म्हणायची हिंमत ज्या सहाय्यकात असते त्याच्यावर पुढे संघ सोपवला जातो.

सहाय्यक काय करू शकतो याचा माझा आवडता दाखला १९८२ च्या ओमाहाचा आहे. मायामीचा संघ विचिटा स्टेटविरुद्ध खेळत होता. समोरचा एक धावपटू बेस चोरण्यात, म्हणजे फटका नसताना पुढच्या बेसकडे पळण्यात, पटाईत होता. पिचरने पहिल्या बेसकडे चेंडू फेकल्याचं नुसतं सोंग केलं, पहिल्या बेसवाल्याने सूर मारला, बुलपेनमधली मुलं चेंडू सुटला म्हणून धावत सुटली. धावपटू दुसऱ्या बेसकडे पळाला, आणि चेंडू पिचरच्याच हातात होता. तो बाद झाला, मायामीने ती स्पर्धाही जिंकली. हेड कोच होते रॉन फ्रेझर आणि या युक्तीचं श्रेय दिलं जातं त्यांचे सहाय्यक स्किप बर्टमन यांना. बर्टमन त्याआधी मायामी बीचच्या हायस्कूलमध्ये कोच होते. १९८४ च्या हंगामापासून लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने त्यांना हेड कोच केलं. २००१ पर्यंत पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी आणली.

रिक्रूटिंग

हेड कोचच्या कामाचा सगळ्यात मोठा हिस्सा हा. मॅच म्हणजे हिमनगाचं टोक. कुठली मुलं आणायची, कशी आणायची आणि कशी टिकवायची यात वर्ष जातं.

डिव्हिजन वनमध्ये नियम कडक आहेत. हायस्कूलच्या अकरावीआधीच्या १ ऑगस्टपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलता येत नाही. वर्षात काही काळ भेटायला बंदी, काही काळ फक्त कॅम्पसवर भेट, असं वेळापत्रक ठरलेलं असतं. नियम तोंडपाठ हवेत, कारण चूक तुमची असली तरी भोगावं संघाला लागतं.

पैशाचं गणितही बदललंय. अनेक वर्षं डिव्हिजन वनच्या संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळायच्या आणि त्या २७ मुलांपर्यंत तुकड्यातुकड्यांनी वाटाव्या लागायच्या. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची मर्यादा राहिली नाही, पण संघात ३४च खेळाडू ठेवता येतात. त्याशिवाय २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवू शकतात, आणि ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकून दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतात. वरून मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) जुलैत. तुम्ही दोन वर्षं मागे लागून मिळवलेला हायस्कूलचा पिचर कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच व्यावसायिक करार करून निघून जाऊ शकतो. म्हणून यादीत प्रत्येक जागेसाठी दुसरं नाव तयार हवं.

डिव्हिजन थ्रीत द्यायला खेळाची शिष्यवृत्तीच नसते. तिथे तुम्ही काय देता? अभ्यासाच्या गुणांवर मिळणारी मदत, चार वर्षांत पदवी, आणि खेळायला मिळेल याचा शब्द. त्यासाठी प्रवेश कार्यालय आणि आर्थिक मदत कार्यालय यांच्याशी तुमचं बोलणं असलं पाहिजे. एका उन्हाळ्यात माझ्या वहीत १४० मुलांची नावं होती. ऑगस्टमध्ये बॅग घेऊन कॅम्पसवर आले ९.

मुलगा बघायचा कसा? जॉर्जियातल्या लेकपॉइंटसारख्या संकुलात उन्हाळ्यात एकाच वेळी कितीतरी मैदानांवर मॅच चालू असतात. होम प्लेटमागे रडार गन घेतलेल्यांची रांग लागते. वेग सगळ्यांनाच दिसतो. मला माझ्या पहिल्या हेड कोचने वेगळी जागा दाखवली, डगआउटच्या तिरक्या समोर. तिथून तीन गोष्टी बघायच्या: तीन स्ट्राइकवर बाद होऊन परत आलेला मुलगा हेल्मेट कसं ठेवतो, सोपा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा चेंडू) मारल्यावरही पहिल्या बेसपर्यंत पूर्ण जोरात पळतो का, आणि पाण्याची बाटली आणून देणाऱ्या आईशी कसा बोलतो. तिसरी गोष्ट बघून त्यांनी एकदा ताशी ९० मैलांचा पिचर सोडून दिला होता. मला तेव्हा फार हळहळ वाटली. आता मीही तेच करीन.

खुर्चीपर्यंतच्या वाटा

ठरलेला एकच रस्ता नाही, पण दोन नमुने पुन्हा पुन्हा दिसतात.

एक, शिडीने वर जाणं. आर्कान्सोचे डेव्ह व्हॅन हॉर्न यांनी हेड कोच म्हणून सुरुवात केली ती टेक्सारकाना कॉलेज या जुकोत. तिथून सेंट्रल मिझुरी या डिव्हिजन टू संघात गेले आणि १९९४ च्या एकाच हंगामात विजेतेपद घेतलं. मग नॉर्थवेस्टर्न स्टेट, नेब्रास्का, आणि २००३ पासून आर्कान्सो. प्रत्येक पायरीवर ते हेड कोचच होते, फक्त मैदान मोठं होत गेलं.

दुसरा नमुना कॉर्बिन यांचा. सव्विसाव्या वर्षी प्रेस्बिटेरियन कॉलेजात हेड कोच, सहा हंगाम. मग चक्क एक पायरी खाली, क्लेमसनला सहाय्यक, तेही नऊ हंगाम. नंतर व्हँडरबिल्ट. हेड कोच झालेल्या माणसाने पुन्हा सहाय्यक व्हायचं हे आपल्याकडे पदावनती वाटेल. या धंद्यात ती शिकण्यासाठी भरलेली फी असते.

२०२३ पासून डिव्हिजन वनमध्ये तिसऱ्या सहाय्यकालाही पगार देता येतो. त्याआधी ती जागा बिनपगारी 'स्वयंसेवक कोच'ची होती आणि कितीतरी माणसांनी उन्हाळी शिबिरांच्या पैशावर घर चालवत तिथे वर्षं काढली. आता ते थांबलं, याचा मला मनापासून आनंद आहे. खालच्या स्तरांवर मात्र अर्धवेळ, तुटपुंज्या पैशाची कामं आजही आहेत. मी दिवसा दुसरी नोकरी करायचो. उन्हाळ्यात केप कॉड किंवा नॉर्थवूड्ससारख्या लीगमध्ये कोचिंगची जागा मिळाली तर सोडू नका. तिथे देशभरातली मुलं लाकडी बॅटने खेळतात आणि तुमची ओळख एका कॉन्फरन्सबाहेर (कॉलेजांच्या गटाबाहेर) पसरते.

नोकऱ्या कुठे कळतात? अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन दर जानेवारीत भरतं, हजारो कोच येतात. व्याख्यानं तर ऐकाच, पण खरं काम लॉबीत होतं. पहिल्या वर्षी नोकरी मागू नका. तीन माणसांना त्यांच्या कामाबद्दल एकेक नेमका प्रश्न विचारा, आणि घरी आल्यावर त्या उत्तराचं तुम्ही काय केलंत ते कळवा. दुसऱ्या वर्षी ते तुम्हाला नावाने ओळखतात.

खुर्च्या हलतात त्या मे अखेर ते जुलै, आणि फार वेगाने. २४ जून २०२४ ला टेक्सस ए अँड एमचा संघ ओमाहाच्या अंतिम सामन्यात टेनेसीकडून हरला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे कोच जिम श्लॉसनेगल टेक्सस युनिव्हर्सिटीकडे गेल्याची बातमी आली. मग त्यांच्या जागी कोण, त्याच्या जागी कोण, अशी साखळी खालच्या स्तरापर्यंत हलते. त्याच सामन्यात जिंकलेले टेनेसीचे हेड कोच टोनी व्हिटेलो आधी मिझुरी, टेक्सस ख्रिश्चन आणि आर्कान्सोत सहाय्यक होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने थेट मेजर लीगचा मॅनेजर (तिथे हेड कोचला हेच म्हणतात) म्हणून घेतलं. व्यावसायिक बेसबॉलचा कसलाही अनुभव नसताना कॉलेजातून थेट तिथे जाणारे ते पहिलेच.

व्हिसाचं

ज्यांच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड आहे त्यांनी हा भाग सोडून द्यावा. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, विद्यार्थी मॅनेजरची पगारी जागा त्यात बसते. पण 'फुकट करतो' म्हणून कुठलंही काम उचलू नका. ज्या कामाला एरवी पगार असतो ते बिनपगारी केलं तरी अडचण येऊ शकते. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात लेखी विचारा. पदवीनंतरच्या ओपीटीत (तात्पुरत्या कामाच्या परवानगीत) काम तुमच्या विषयाशी जुळलं पाहिजे, आणि संख्याशास्त्राच्या पदवीवर बेसबॉल डेटाचं काम जुळतं. कॉलेजांना एच-वन-बीचा वार्षिक कोटा लागू नाही हे खरं, पण अर्धवेळ कोचसाठी छोटं कॉलेज तेवढा खटाटोप करेल यावर आयुष्याची आखणी करू नका.

मुलाखत

ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागाचा प्रमुख, तुम्हाला डावपेच विचारत नाही. छोट्या कॉलेजात विचारतात की मुलांचे गुण कसे राखाल, पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकवाल, बसचा खर्च कुठून काढाल. एक फाइल तयार ठेवा. त्यात पहिल्या तीस दिवसांची यादी, कुठल्या हायस्कूलांतून मुलं आणणार त्याचा नकाशा, कोणाला सहाय्यक घेणार त्यांची नावं, आणि निधी कसा उभारणार ते. निधीचं हसण्यावारी नेऊ नका. रॉन फ्रेझर यांनी १९७७ मध्ये मायामीच्या इनफिल्डवर टेबलं मांडून श्रीमंत पाहुण्यांना मेजवानी दिली आणि संघासाठी पैसा उभा केला. त्याच्या अगदी उलट टोकाला सदर्न कॅलिफोर्नियाचे रॉड डेडो. त्यांचा स्वतःचा ट्रकचा व्यवसाय होता, ते वर्षाला एक डॉलर पगार घेत आणि त्यांच्या खात्यावर ११ विजेतेपदं आहेत. आपल्याला ट्रक नाहीत. पगाराचं लेखी विचारा: किती महिन्यांचा, विमा आहे का, उन्हाळी शिबिराचं उत्पन्न कोणाचं.

खुर्चीत बसल्यावर

हंगामात आठवड्याला २० तास आणि हंगामाबाहेर ८ तास, एवढाच वेळ मुलांकडून सक्तीने घेता येतो. तुमचे तास मात्र कोणी मोजत नाही. उत्तरेकडे असाल तर फेब्रुवारीत बर्फ असतो. आम्ही बास्केटबॉलच्या लाकडी फरशीवर ग्राउंडर घ्यायचो आणि मार्चमध्ये बसने दक्षिणेत जाऊन पहिल्या मॅच खेळायचो.

हरण्याचीही तयारी ठेवा. फ्लोरिडा स्टेटचे माइक मार्टिन ४० हंगामांत २,०२९ मॅच जिंकले, १७ वेळा ओमाहाला गेले, विजेतेपद एकदाही नाही. २०१८ मध्ये व्हॅन हॉर्न यांचा आर्कान्सो विजेतेपदापासून एक बाद दूर होता. उंच उडालेला फाउल (रेषेबाहेर गेलेला चेंडू) तीन खेळाडूंच्या मधोमध पडला, ओरेगन स्टेटने मॅच फिरवली आणि दुसऱ्या दिवशी विजेतेपदही नेलं.

सगळ्यात जड दिवस मात्र मे महिन्यातले. प्रत्येक मुलाला पंधरा मिनिटं खोलीत बोलवून पुढच्या वर्षीचं सांगायचं असतं. मी कोपऱ्यात वही घेऊन बसायचो. एका दुसऱ्या वर्षाच्या कॅचरला त्याच्या जागी नवीन मुलगा येतोय हे सांगायचं होतं. कोच टेबलामागून उठले, खुर्ची ओढून त्याच्या समोर गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मागून गोडवा नाही, आधी प्रस्तावना नाही. मग तो रडत असताना दहा मिनिटं गप्प बसून राहिले. शेवटी विचारलं, "तुला खेळायचं असेल तर तीन कॉलेजांना मी आज फोन करतो. इथेच पदवी घ्यायची असेल तर बुलपेनचा कॅचर म्हणून जागा आहे. रविवारपर्यंत सांग." तो राहिला. आज एका हायस्कूलला कोच आहे.

नेमणूक झाली की पहिल्या दिवशी काय करायचं, असंही विचारतात. कॉलेजची बातमी बाहेर पडायच्या आत खेळाडूंचे नंबर मागून घ्या आणि एकेकाला स्वतः फोन करा, संदेश नको. आमचे तिसरे हेड कोच आले तेव्हा त्यांनी ३१ फोन केले. शेवटचा रात्री पावणेबाराला, एका राखीव पिचरला. तो आधीच दुसरीकडे जायच्या विचारात होता. त्याने विचारलं, "कोच, माझी जागा राहील का?" कोच म्हणाले, "मी तुला अजून पिच टाकताना बघितलेलं नाही, म्हणून शब्द देत नाही. सप्टेंबरपर्यंत थांबतोस का?" आणि फोन ठेवून मला म्हणाले, "उद्या सकाळी याची वही माझ्या टेबलावर ठेव."